बावचीपासून रक्ताच्या पिशवीपर्यंत

खानदेशातील उन्हाची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. आखाजीच्या सुमारास जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. या उन्हात पापड-कुरडया वाळतात, धान्याला ऊन दिले जाते आणि गोधड्याही टाकल्या जातात. कडक उन्हात रोगजंतू मरतात ही आपल्याकडील समजूत बऱ्याच अंशी बरोबर आहे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणे जंतूंना घातक असतात.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. काही द्रव्ये अशी आहेत की ती अंधारात जवळजवळ निरुपद्रवी असतात. विशिष्ट प्रकारचा प्रकाशही एकटा असताना फारसे काही करत नाही. मात्र ते द्रव्य आणि तो प्रकाश एकत्र आले की विषाणू निकामी होतात. अशा द्रव्यांना आपण प्रकाशसंवेदी द्रव्ये म्हणू. त्यांच्या इतिहासाचा एक धागा आपल्या बांधावरच्या एका रानटी झुडपाशी आहे, दुसरा जर्मनीतल्या प्रयोगशाळेत आहे, आणि हे दोन्ही धागे रक्तपेढीतील पिशवीपाशी येऊन मिळतात. तिथे धुळे आणि जळगाव जिल्ह्यांशी निगडित असा एक प्रश्न उभा राहतो. त्याकडे आपण शेवटी येऊ.

बावचीचे बी

पडीक रानात, बांधाच्या कडेला, काळ्या जमिनीत बावचीचे झुडूप उगवते. खानदेशातही ते आढळते. उंची साधारण कमरेएवढी, पाने गोलसर व कडेने दातेरी, फुले लहान, निळसर जांभळी आणि दाटीने आलेली. शेंग इवलीशी, काळी, एकाच बियाची. बियांना उग्र वास असतो. शेतकऱ्याच्या लेखी हे तण आहे. आयुर्वेदात मात्र बावचीला, म्हणजेच बाकुची किंवा अवल्गुज हिला, जुने स्थान आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांमध्ये श्वित्र, म्हणजे कोड, या विकारावर तिचा उपयोग सांगितला आहे. बियांचे औषध द्यायचे आणि रोग्याला उन्हात बसवायचे, अशी या उपचाराची रीत आहे. पांढऱ्या डागावर कधी फोड येतात आणि नंतर हळूहळू त्वचेचा रंग परतू लागतो.

अशीच रीत दूर इजिप्तमध्येही होती. नाईलच्या खोऱ्यात वाढणाऱ्या, आपल्या ओव्याच्या कुळातील एका वनस्पतीची फळे कोडावर देत आणि रोग्याला उन्हात बसवत. तेराव्या शतकातील अरबी वैद्य इब्न अल् बैतार याने या उपचाराची नोंद करून ठेवली आहे. दोन वनस्पती वेगवेगळ्या कुळांतल्या, दोन देश दूरदूरचे, पण औषध आणि ऊन ही जोडी दोन्हीकडे सारखीच. रसायनशास्त्रज्ञांना हे जुळणे विचार करायला लावणारे होते.

१९३३ मध्ये जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांमधून एक स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले. बावचीच्या सोरॅलिया या शास्त्रीय नावावरून त्याला सोरॅलेन असे नाव मिळाले. पुढे १९४७ च्या सुमारास इजिप्तमध्ये फाहमी आणि अबू शादी यांनी तिकडच्या वनस्पतीतून जे द्रव्य काढले, ते सोरॅलेनचेच भावंड निघाले. कैरोच्या अब्देल मोनेम अल् मोफ्ती या वैद्याने त्याचा कोडाच्या रोग्यांवर पद्धतशीर वापर सुरू केला. म्हणजे जुन्या उपचारातील औषधाचा घटक हाती लागला होता. पण उन्हाचे काम काय, हे अजून कळायचे होते.

म्युनिकमधील पॅरामेशियम

त्या प्रश्नाचा एक भाग जर्मनीत आधीच सुटला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिक येथे हेर्मान फॉन टापाइनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी काम करीत होता. ॲक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियमवर किती विषारी परिणाम होतो, हे त्याला मोजायचे होते. पॅरामेशियम म्हणजे आपण सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना दाखवतो तोच चपलेच्या आकाराचा एकपेशीय जीव. राबला एक अडचण आली. द्रावणाची तीव्रता तीच, जीव तेच, पण एके दिवशी ते तासा-दीड तासात मरत आणि दुसऱ्या दिवशी कितीतरी अधिक वेळ जगत. त्या एका दिवशी वादळामुळे आकाश अंधारलेले होते, असे सांगतात.

राबने हा फरक ‘प्रयोगातील चूक’ म्हणून सोडून दिला नाही. त्याने नुसत्या प्रकाशात जीव ठेवून पाहिले, ते जगले. रंगद्रव्य घालून अंधारात ठेवले, तेही जगले. रंगद्रव्य आणि प्रकाश दोन्ही मिळताच ते मेले. विज्ञानाच्या वर्गात नियंत्रित प्रयोग शिकवताना याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. हे काम १९०० साली प्रसिद्ध झाले. या क्रियेला प्राणवायू लागतो हे पुढे टापाइनर आणि योडल्बाउअर यांनी दाखवले व तिला प्रकाशगतिक क्रिया असे नाव दिले.

शाळेतला निळा रंग

गालाच्या आतील पेशी काचपट्टीवर घेऊन त्यावर आपण ज्या निळ्या रंगाचा थेंब टाकतो, तो मिथिलीन ब्लू १८७६ मध्ये जर्मनीत हाइनरिख कारो यांनी प्रथम तयार केला. जळगावात खानदेश मिल उभी राहिली तो हाच काळ होता. कापडाच्या गिरण्या वाढत होत्या आणि कापडासाठी लागणाऱ्या कृत्रिम रंगांचा उद्योग जर्मनीत भरभराटीला आला होता. या रंगांपैकी काही पेशींच्या ठराविक भागांनाच चिकटतात, हे लक्षात आल्यावर त्यांची औषधे होतील का याचा शोध सुरू झाला. पॉल एर्लिख यांनी १८९१ मध्ये मिथिलीन ब्लू हिवतापाच्या रोग्यांना देऊन पाहिला होता.

विषाणूंच्या कथेत हा रंग १९२८ मध्ये येतो. जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे जीवाणुभक्षींवर, शुल्त्झ आणि क्रूगर यांनी मिथिलीन ब्लूचा परिणाम पाहिला. विषाणू निकामी झाले. या क्रियेत प्रकाशाचा वाटा आहे हे क्लिफ्टन यांनी १९३१ मध्ये दाखवले. नंतर १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये पेर्द्रो आणि टॉड यांनी हर्पिस, देवीच्या लसीचा विषाणू आणि इतर काही प्राणिविषाणू याच रीतीने निकामी केले. याच जोडीने कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाच्या विषाणूवर प्रयोग केले तेव्हा आणखी एक गोष्ट आढळली. प्रकाशाने निकामी झालेला विषाणू रोग करीत नव्हता, पण प्राण्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती मात्र जागी करीत होता. गॅलोवे यांनी १९३४ मध्ये रेबीजच्या विषाणूपासून अशीच लस करून पाहिली.

याचा अर्थ असा की विषाणूचे बाहेरचे रूप बरेचसे शाबूत राहत होते आणि त्याची वाढण्याची क्षमता तेवढी नष्ट होत होती. डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली. त्याआधी वीस वर्षे या प्रयोगांनी एका महत्त्वाच्या गोष्टीकडे बोट दाखवले होते.

प्रकाश नेमके काय करतो?

मिथिलीन ब्लू आणि सोरॅलेन यांची कामाची पद्धत सारखी नाही. मिथिलीन ब्लू तांबडा प्रकाश शोषतो, म्हणूनच तो आपल्याला निळा दिसतो. शोषलेली ऊर्जा तो शेजारच्या प्राणवायूच्या रेणूला देतो. हा उत्तेजित प्राणवायू अतिशय क्रियाशील असतो. पाण्यात त्याचे आयुष्य सेकंदाच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी असते. तेवढ्यात तो फार दूर जाऊ शकत नाही, जिथे तयार झाला तिथेच आसपासच्या रेणूंची मोडतोड करतो. त्यामुळे रंगाचा रेणू विषाणूला किंवा त्याच्या जनुकद्रव्याला चिकटलेला असणे महत्त्वाचे ठरते.

सोरॅलेनची तऱ्हा वेगळी. त्याचा रेणू तीन कड्यांचा, सपाट असतो. डीएनए म्हणजे पिळा घातलेली शिडी असे मानले, तर तिच्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत हा सपाट रेणू सरकून बसतो. अंधारात तो तसाच बसतो आणि सहज बाहेरही पडतो. मात्र ३२० ते ४०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे, म्हणजे ‘अतिनील-अ’ प्रकारचे किरण पडले की तो शिडीच्या एका बाजूला रासायनिक बंधाने जोडला जातो. प्रकाशाचा आणखी एक कण मिळाला तर त्याचे दुसरे टोक समोरच्या बाजूला जोडले जाते. दोन्ही बाजू एकमेकींना टाका घातल्यासारख्या शिवल्या जातात. डीएनएची प्रत काढायची तर शिडीच्या बाजू सुट्या व्हाव्या लागतात. टाका पडलेली शिडी उघडत नाही आणि विषाणूची प्रत निघत नाही. या कामाला प्राणवायूची गरज नसते.

सोरॅलेन आणि डीएनए यांच्यातील या क्रियेचा अभ्यास १९६० आणि १९७० च्या दशकांत इटलीतील पादुआ येथे मुसाजो, रोदिगिएरो, दाल्लाक्वा यांनी केला. अमेरिकेत सोरॅलेनच्या प्रकाशरसायनावर दीर्घकाळ काम करणाऱ्यांत मूळचे भारतीय असलेले मधु पाठक हे एक प्रमुख संशोधक होते. १९७४ मध्ये पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि पाठक यांनी सोरॅलेनचे भावंड पोटात देऊन व अतिनील-अ किरण अंगावर सोडून सोरायसिस या त्वचारोगावर उपचार करता येतो, असे दाखवले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, हॅन्सन, रिग्ज आणि लेनेट यांनी सोरॅलेनच्या कृत्रिम रूपांनी डीएनए आणि आरएनए अशा दोन्ही प्रकारचे विषाणू निकामी करता येतात हे सिद्ध केले.

एक फसलेला उपचार

ज्या द्रव्याने विषाणूचा डीएनए शिवला जातो, त्याने आपल्या पेशीचा डीएनए का शिवला जाणार नाही? तोही शिवला जातो. सोरायसिसचा वरील उपचार वर्षानुवर्षे घेतलेल्या रोग्यांमध्ये त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते, हे १९७९ पासूनच्या पाहण्यांतून दिसून आले.

याच प्रश्नाने एका दुसऱ्या उपचाराचा शेवट केला. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत हर्पिसच्या फोडांवर न्यूट्रल रेड हा रंग लावून त्यावर प्रकाश सोडण्याची पद्धत पुढे आली. उपचार स्वस्त होता, सोपा होता आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. पण १९७३ मध्ये रॅप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत असे दाखवले की प्रकाशाने निकामी केलेला हर्पिसचा विषाणू नव्या विषाणूंची पैदास करीत नसला, तरी त्याच्या जनुकद्रव्याचे शिल्लक तुकडे पेशींना कर्करोगाच्या वाटेवर नेऊ शकतात. दोन वर्षांनी मायर्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीत, ज्यात रोगी व वैद्य दोघांनाही खरा उपचार कोणाला दिला हे माहीत नव्हते, या पद्धतीचा काहीच फायदा दिसला नाही. उपचार मागे पडला.

या दोन अनुभवांतून एक व्यवहारी प्रश्न पुढे आला. प्रकाशाचे हे हत्यार अशा जागी वापरता येईल का, की जिथे विषाणूला जनुकद्रव्य आहे, पण आपल्याला जे वाचवायचे आहे त्याला जनुकद्रव्याची गरज नाही?

रक्ताच्या पिशवीत

अशी जागा रक्तात आहे. रक्तद्रव म्हणजे पेशी काढून उरलेला पिवळसर द्रव. त्यात प्रथिने असतात, जनुकद्रव्य लागत नाही. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट्समध्ये केंद्रक नसते. तांबड्या पेशी परिपक्व होताना आपले केंद्रक टाकून देतात. रोग्याला देण्याच्या रक्तघटकांना डीएनए हवाच असे नाही, पण त्यांतून येणाऱ्या विषाणूंना, जीवाणूंना आणि हिवतापाच्या परजीवींना तो किंवा आरएनए असावाच लागतो.

१९८० च्या दशकात एड्सची साथ पसरली आणि या विचाराला निकड आली. हिमोफिलियाच्या हजारो रोग्यांना रक्तद्रवापासून बनवलेल्या औषधांतून एचआयव्हीची लागण झाली. रक्तद्रवातील प्रथिनांवर उष्णतेची किंवा साबणासारख्या द्रव्यांची प्रक्रिया करून विषाणू मारता येऊ लागले. प्लेटलेट्स मात्र या दोन्ही प्रक्रिया सोसत नाहीत. त्या २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानाला सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि साधारणपणे पाचच दिवस टिकतात.

१९९१ मध्ये जर्मनीतील लांब्रेख्त, मोर आणि सहकाऱ्यांनी मिथिलीन ब्लू व प्रकाश वापरून रक्तद्रवातील विषाणू निकामी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्लेटलेट्ससाठी सोरॅलेन कुळातील ॲमोटोसॅलेन हे कृत्रिम द्रव्य अमेरिकेत तयार झाले. ही पद्धत युरोपात २००२ पासून वापरात आली आणि अमेरिकेत तिला २०१४ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. पिशवीत ॲमोटोसॅलेन मिसळतात, काही मिनिटे अतिनील-अ किरण देतात आणि नंतर उरलेले द्रव्य शोषून काढून टाकतात.

येथे विद्यार्थ्यांना एक हिशोब देता येईल. या प्रक्रियेत दर चौरस सेंटिमीटरला ३ ज्यूल, म्हणजे दर चौरस मीटरला ३०,००० ज्यूल एवढी अतिनील-अ ऊर्जा देतात. भर दुपारच्या कडक उन्हात अतिनील-अ किरणांची तीव्रता ढोबळमानाने दर चौरस मीटरला ५० वॅट असते. ३०,००० ला ५० ने भागले तर ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे होतात. तेवढी ऊर्जा धुळ्याचे ऊन दहा मिनिटांत देते. मग दिवा कशाला? कारण उन्हात अधिक घातक अतिनील-ब किरणे असतात, उष्णता असते आणि दर क्षणाला तीव्रता बदलते. रोग्याला देण्याच्या पदार्थाला नेमकी मात्रा हवी. वैद्याने बसवलेले ऊन आणि रक्तपेढीतला दिवा यांतला फरक मोजमापाचा आहे.

ही पद्धत सर्वशक्तिमान नाही. ज्या विषाणूंभोवती मेदाचे आवरण असते ते तुलनेने सहज निकामी होतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांचे विषाणू या गटात मोडतात. हिपॅटायटिस ए किंवा पार्व्हो यांसारखे आवरण नसलेले, घट्ट कवचाचे विषाणू चिवट ठरतात. द्रव्य आतपर्यंत पोहोचणे हीच मुख्य अडचण असते. क्राउदर आणि मेल्निक यांनी १९६१ मध्ये पोलिओच्या विषाणूवर हे सुंदर रीतीने दाखवले होते. तयार विषाणूत न्यूट्रल रेड रंग शिरत नाही. परंतु विषाणूची वाढच रंगाच्या सान्निध्यात होऊ दिली, तर रंग कवचाच्या आत कोंडला जातो आणि मग तो विषाणू प्रकाशाला बळी पडतो.

रेयुनियन, मालेगाव, धुळे

२००५-०६ मध्ये हिंदी महासागरातील रेयुनियन या फ्रेंच बेटावर चिकुनगुन्याची मोठी साथ आली. बेटावरील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना लागण झाली. तिथे रक्त गोळा करणे थांबवावे लागले आणि रक्त फ्रान्सहून विमानाने येऊ लागले. पण पाच दिवस टिकणाऱ्या प्लेटलेट्स इतक्या दुरून वेळेवर आणणे कठीण. म्हणून त्या बेटावरच घेण्यात आल्या आणि ॲमोटोसॅलेनची प्रक्रिया करून रोग्यांना दिल्या गेल्या.

त्याच काळात चिकुनगुन्या आपल्याकडेही आला. महाराष्ट्रात १९७३ मध्ये बार्शीला त्याची साथ होऊन गेली होती. नंतर तो जणू नाहीसाच झाला आणि २००६ मध्ये आंध्र, कर्नाटक व महाराष्ट्रात परतला. या साथीची नोंद झालेल्या गावांत मालेगाव होते. मुंबई-आग्रा रस्त्याने तिथून धुळे सुमारे ५० किलोमीटरवर आहे. डेंग्यूची भीती तर पावसाळ्यानंतर खानदेशात सर्वत्रच असते आणि प्लेटलेट्ससाठी नातेवाइकांची धावपळ होते. प्रकाशाने शुद्ध केलेल्या प्लेटलेट्सचे महत्त्व अशा वेळी सहज पटते.

परंतु या दोन जिल्ह्यांचा मोठा प्रश्न तांबड्या पेशींचा आहे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांना लागून असलेल्या सातपुड्यात भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. सिकलसेलच्या काही रोग्यांना वेळोवेळी रक्त द्यावे लागते. थॅलेसिमियाच्या तीव्र प्रकारात तर मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, तेही आयुष्यभर. दर पिशवीमागचा धोका कितीही लहान असला, तरी शेकडो पिशव्यांनंतर तो लहान राहत नाही.

आणि नेमक्या इथेच ही पद्धत अडते. तांबड्या पेशींचा तांबडा रंग ज्या हिमोग्लोबिनमुळे येतो, तेच हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते. पिशवीच्या आतपर्यंत प्रकाश पोहोचतच नाही. रिबोफ्लेविन, म्हणजे ‘ब-२’ जीवनसत्त्व, आणि बरीच अधिक अतिनील ऊर्जा वापरून संपूर्ण रक्तावर प्रक्रिया करण्याचा प्रयत्न आफ्रिकेतील घाना देशात झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत हिवतापाचे परजीवी असलेले रक्त मिळालेल्या रोग्यांचा विचार केला होता. प्रक्रिया न केलेले रक्त मिळालेल्या ३७ पैकी ८ जणांमध्ये परजीवींची लागण झाली, प्रक्रिया केलेल्या रक्ताने २८ पैकी एकालाच झाली. सुरुवात आशादायक होती, पण ती सुरुवातच. तांबड्या पेशींसाठी प्रकाशाऐवजी अंधारातच काम करणारी रसायनेही तपासली गेली आहेत.

तोपर्यंत थॅलेसिमियाच्या मुलाचे रक्षण कशाने होते? रक्तदात्याने आणि तपासणीने. आपल्या देशात रक्ताची एचआयव्ही चाचणी १९८९ पासून सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. हिपॅटायटिस सी ची चाचणी २००१ पासून होऊ लागली. तरीही लागण झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही दिवसांचा ते काही आठवड्यांचा काळ जातो. या काळात दिलेले रक्त चाचणीत निर्दोष ठरू शकते. ज्याला आपल्या धोक्याची कल्पना आहे अशा दात्याने स्वतःहून मागे थांबणे, आणि निरोगी माणसाने कोणतीही अपेक्षा न ठेवता नियमित रक्त देणे, हे अजून कोणत्याही दिव्याने अनावश्यक केलेले नाही.

वर्गात काय करता येईल?

हळदीचा डाग पडलेल्या कापडाचे दोन तुकडे घ्यावेत. एक उन्हात ठेवावा, दुसरा काळ्या कागदात गुंडाळून त्याच्याच शेजारी ठेवावा. काही तासांनी तुलना करावी. घरातील बायकांना हे ज्ञान आहेच, हळदीचे कपडे त्या उन्हात टाकतात. मुलांना विचारावे : डाग उष्णतेने गेला की प्रकाशाने? हे ठरवण्यासाठी काळ्या कागदातील तुकड्याचा काय उपयोग? राबने पॅरामेशियमला विचारलेला प्रश्न हाच होता.

बावचीचे झुडूप मुलांना जरूर दाखवावे, मात्र तिचे बी किंवा तेल त्वचेला लावून प्रयोग करू देऊ नये. सोरॅलेन अंजिराच्या चिकातही असते आणि चीक लागलेल्या हातावर ऊन पडले तर फोड येतात. वरच्या वर्गांत जीवशास्त्र शिकवताना तांबड्या पेशीला केंद्रक नसते हे वाक्य आपण नेहमी पाठ करून घेतो. त्या तासाला मुलांपुढे एक प्रश्न ठेवावा : केंद्रक नसल्यामुळे या पेशीचे रक्षण करणे एका बाजूने सोपे का होते, आणि तिच्या रंगामुळे दुसऱ्या बाजूने अवघड का होते? उत्तर शोधताना प्रकाश, रंग, डीएनए आणि रक्तदान हे वेगवेगळ्या पाठांत विखुरलेले विषय मुले स्वतःच एकत्र आणतील.